दोस्तीचे घर आणि दलालीचा हिशेब

घराच्या दलालीचा धंदा आपल्या समाजाला नवा नाही. मुंबईत कुर्ला, नागपाडा, गोवंडी, त्यापलीकडे मुंब्रा, मीरा रोड, भिवंडी, पुण्यात कोंढवा, नागपुरात मोमिनपुरा, कोठल्याही वस्तीत गेले तरी इस्टेट एजंटच्या दोन-चार पाट्या दिसतातच. पाटी न लावता हे काम करणारे त्याहून अधिक आहेत. झेरॉक्सचे दुकानदार, शिंपी, किराणावाले, रंगकामाचे ठेकेदार यांच्या कानावर 'जागा रिकामी होत आहे' ही खबर सर्वांच्या आधी येते. ती पुढे दिली की चार पैसे सुटतात. त्यात गैर काहीच नाही.

या धंद्याची एक खासियत मात्र ध्यानात घेतली पाहिजे. कापडाच्या किंवा भांड्याच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक बहुधा अनोळखी असते. घरासाठी येणारे गिऱ्हाईक बहुधा ओळखीचे असते. कोणी शाळासोबती, कोणी मोहल्लेवाला, कोणी बायकोच्या माहेरचा, कोणी जमाअतमध्ये शेजारी उभा राहणारा. तो दुकानाची पायरी चढतो ती 'भाई, तुमच्या भरवशावर आलो आहे' असे म्हणत. आणि एजंटही मोठ्या मनाने सांगतो, 'तुमच्याकडून काय घ्यायचे! आधी घर तर पाहा, पैशांचे नंतर समजून घेऊ.'

या 'समजून घेऊ' शब्दाने आपल्या समाजात जितक्या दोस्त्या तुटल्या तितक्या भांडणांनीही तुटल्या नसतील. 'हिसाबे दोस्तां दर दिल', म्हणजे दोस्तांचा हिशेब मनातच असतो, अशी एक फारसी म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे. चहापाण्याच्या हिशेबाला ती शोभून दिसते. चाळीस लाखांच्या फ्लॅटला ती लावली, तर दोघांच्या मनात दोन वेगळे हिशेब तयार होतात आणि चाव्या हातात पडण्याच्या दिवशी ते एकमेकांवर आदळतात.

दलाली हा हलाल पेशा आहे

आपल्यात काही लोकांचा असा समज आहे की दलाली हे हलके काम आहे आणि दोस्ताकडून ती घेणे तर मुरव्वतीला सोडून आहे. हा समज आधी दूर केला पाहिजे. अरबीत दलालाला 'सिमसार' म्हणतात. इमाम बुखारी यांच्या हदीससंग्रहात मजुरी आणि भाड्याच्या प्रकरणात दलालाच्या मेहनतान्यावर एक स्वतंत्र बाब आहे. इब्ने सीरीन, अता, इब्राहीम नखई आणि हसन बसरी यांना त्या मेहनतान्यात काही गैर वाटत नव्हते, अशी नोंद तेथे आहे.

अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत कैस बिन अबी गरजा (रजि.) यांची रिवायत येते. मदीनेच्या बाजारातील व्यापाऱ्यांना त्या वेळी 'समासिरा' म्हणत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना त्याहून चांगले नाव दिले, 'तुज्जार', म्हणजे व्यापारी. त्याचबरोबर ताकीदही दिली की सौद्यात फुकटची बडबड आणि शपथा शिरतात, तेव्हा त्यासोबत सदका देत जा. नाव मोठे झाले त्याबरोबर जबाबदारीही मोठी झाली, असा याचा अर्थ आपण घेतला पाहिजे.

तेव्हा दोस्ताला घर शोधून देण्यात जो वेळ गेला, जे रिक्षाचे भाडे गेले, मालकाच्या दारात ज्या चार खेपा झाल्या, त्यांचा मेहनताना मागण्यात शरम कसली? सुताराने दोस्ताच्या घरी दरवाजा बसवला तर तो मजुरी घेतोच. शिंप्याकडे शेजारी कपडा घेऊन आला तर शिलाई ठरतेच. शरम वाटावी अशी गोष्ट एकच, ती म्हणजे मजुरी न ठरवता काम सुरू करणे आणि मग गुपचूप दुसऱ्या वाटेने ती वसूल करणे.

मदत करायची तर पूर्ण करा

माझे म्हणणे साधे आहे. दोस्ताचे काम हाती घेताना एजंटपुढे दोनच सरळ रस्ते असतात. पहिला, लिल्लाह मदत. म्हणजे एक पैसाही घ्यायचा नाही, या बाजूने नाही आणि त्या बाजूनेही नाही. दुसरा, मेहनताना. म्हणजे घर दाखवण्यापूर्वीच आकडा सांगायचा. सवलत द्यायची असेल तर तीही आकड्यात सांगायची. नेहमीची दलाली चाळीस हजार होते, तुमच्याकडून वीस हजार घेईन, असे सांगितले की दोस्तीही राहते आणि धंदाही राहतो.

या दोहोंच्या मधला जो तिसरा रस्ता आहे त्यावरच सारा घोटाळा होतो. तोंडाने मदत आणि मनात मेहनताना. एजंट दोस्ताकडून काही घेत नाही, पण मालकाशी ठरवतो की आकडा पन्नास हजारांनी चढवा आणि ते मला द्या. दोस्त समजतो की भाईने फुकट काम केले. तो चार लोकांत तारीफ करतो, दावतही देतो. प्रत्यक्षात त्याने सवलतीच्या वीस हजारांऐवजी पन्नास हजार भरलेले असतात. याला मदत म्हणता येत नाही. ज्याने भरवसा टाकला त्याच्याच भरवशावर केलेली ही कमाई आहे. सिफारिश करून त्याबदल्यात भेट घेण्याबद्दल अबू दाऊद यांच्या संग्रहात कडक इशारा आलेला आहे. मग जी भेट लपवून घेतली जाते तिचे काय?

येथेच आणखी एका प्रथेचा विचार केला पाहिजे. मालक सांगतो, 'मला पंचवीस लाख नेट पाहिजेत, वरचे सगळे तुझे.' ही पद्धत जुनीच आहे. बुखारी यांच्या त्याच बाबीत इब्ने अब्बास (रजि.) आणि इब्ने सीरीन यांनी ती चालवून घेतल्याची नोंद आहे. पुढच्या अनेक फकीहांनी मात्र मेहनताना आधी माहीत असला पाहिजे या कारणाने ती नापसंत केली. हा मतभेद उलेमांवर सोपवू. व्यवहाराच्या बाजूने इतके नक्की म्हणता येईल की जेथे घेणारा आपला दोस्त आहे आणि तो आपल्याला स्वतःचा माणूस समजून भाव विचारतो आहे, तेथे 'वरचे माझे' ही अट त्याच्यापासून लपवणे म्हणजे एकाच वेळी दोन टोप्या घालणे होय. दोन्ही बाजूंकडून दलाली घेण्याचा रिवाज आपल्या बाजारात आहे. घ्यावी, पण दोन्ही बाजूंना एकमेकांची रक्कम माहीत असावी.

स्वतःच घेणारा बनू नका

याहून गंभीर प्रकार विकणाऱ्या दोस्ताच्या बाबतीत घडतो. समजा, एका कारागिराला मुलीच्या शादीसाठी किंवा इलाजासाठी आपली खोली विकायची आहे. तो दोस्त एजंटकडे येतो. एजंट सांगतो की सध्या बाजार मंदा आहे, बावीस लाखांच्या वर कोणी जाणार नाही. मग स्वतःच्या मेव्हण्याच्या नावावर ती खोली घेतो आणि दोन महिन्यांनी सत्तावीस लाखांना विकतो. बाजारात याला हुशारी म्हणतात.

कायदा याला हुशारी म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटच्या कर्तव्यांवर पूर्ण प्रकरण आहे. एजंटने मालकाला न विचारता तोच माल स्वतः घेतला आणि महत्त्वाची गोष्ट बेइमानीने लपवली किंवा सौदा मालकाच्या तोट्याचा ठरला, तर कलम २१५ प्रमाणे मालक तो सौदा नाकारू शकतो. त्या कलमाखाली दिलेले उदाहरणही एजंटने दुसऱ्याच्या नावावर जागा घेतल्याचेच आहे. मालकाला न कळवता एजंटने स्वतःच्या खात्यावर सौदा करून जो नफा काढला त्यावर मालकाला हक्क सांगता येतो, असे कलम २१६ सांगते. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याने जी बेइमानी ओळखली, ती आपल्या मोहल्ल्यात आज ओळखू येऊ नये, ही खेदाची गोष्ट आहे.

एजंटला खरोखरच ती जागा स्वतःसाठी हवी असेल तर मार्ग खुला आहे. तसे साफ सांगावे, बाजारभाव दुसऱ्या एजंटकडून विचारून घ्यायला सांगावे आणि मग सौदा करावा. शेजारी आणि भागीदार यांना आधी विचारण्याची शुफआची रीत आपल्याकडे आहेच. उघडपणा हाच तिचाही गाभा आहे.

यादीतले घर आणि जमिनीवरचे घर

पूर्वी एजंटकडे एक वही असे. त्यात खोल्यांची यादी असे. आता ती यादी मोबाईलवर फोटोंसह फिरते. वही असो की मोबाईल, रोग जुनाच आहे. भाड्याने गेलेली खोली यादीत तशीच ठेवायची, कमी भाडे लिहून गिऱ्हाईक दुकानात ओढायचे आणि मग 'ती तर काल गेली, ही दुसरी पाहा' म्हणून महाग खोली दाखवायची. दोन ठिकाणी पाणी झिरपणाऱ्या भिंतीला रंग मारून फोटो काढायचा. चारशे फुटांच्या खोलीला सुपर बिल्टअपच्या हिशेबाने सहाशे फूट म्हणायचे. नसलेला दुसरा गिऱ्हाईक उभा करून 'आजच टोकन द्या, नाहीतर संध्याकाळी जाईल' असा घोष लावायचा.

हा शेवटचा प्रकार तर हदीसमध्ये नावानिशी मना केलेला आहे. घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी बोली लावणे याला 'नजश' म्हणतात. खोटे गिऱ्हाईक उभे करणे हे त्याचेच भावंड आहे. खरे बोलून ऐब दाखवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सौद्यात बरकत येते आणि लपवाछपवी केली की ती बरकत पुसली जाते, हा हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या रिवायतीचा आशय आपण जुम्माच्या बयानात कितीदा तरी ऐकला आहे. दुकानात बसताना तो आठवला पाहिजे.

दोस्ताच्या बाबतीत ऐब दाखवण्याची जबाबदारी दुप्पट होते. अनोळखी माणूस चार प्रश्न अधिक विचारतो, दोन ठिकाणी चौकशी करतो. दोस्त काहीच विचारत नाही, कारण त्याला वाटते की खोट असती तर भाईने सांगितलीच असती.

पागडीच्या खोल्यांत हे फार दिसून येते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली पागडी घेणे हा गुन्हा होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) याच्या कलम ५६ ने तिला मान्यता दिली. तरीही घरमालकाची संमती आणि भाडेपावती नव्या माणसाच्या नावावर होणे यावाचून व्यवहार पुरा होत नाही. दोस्ताला खोलीचा ताबा मिळाला, पण पावती जुन्याच नावावर राहिली, तर इमारत पाडून नवी बांधण्याच्या वेळी तो हक्क कशाच्या आधारे सांगणार? हे एजंटला माहीत असते. दोस्ताला माहीत नसते.

कागद न पाहिलेल्या घरांची किंमत

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतील असंख्य मुस्लिम कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडकडे सरकली. जेथे आपली माणसे आहेत तेथे राहू, ही त्यामागची भावना होती. आजही अनेक सोसायट्यांत नाव ऐकून खोली नाकारली जाते. त्यामुळे आपला माणूस शेवटी आपल्याच एजंटच्या दारी येतो. त्याच्यापुढे फारसे पर्याय नसतात. याचा अर्थ आपल्या एजंटच्या हाती इतरांपेक्षा अधिक सत्ता आहे आणि त्याच्याकडून होणारे नुकसानही अधिक मोठे आहे.

४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. बांधकाम पुरे झाले नव्हते, तरी खालच्या मजल्यांवर लोक राहत होते. अशा इमारतींत कुटुंबे येतात ती पेपरात जाहिरात वाचून येत नाहीत. कोणीतरी ओळखीचा सांगतो की स्वस्तात मिळत आहे, सगळेच घेत आहेत, पुढे कायदेशीर होऊन जाईल. त्या सांगणाऱ्याला मिळणारे दहा-वीस हजार आणि ज्याला सांगितले त्याच्या घरादाराचा जीव, हे दोन्ही एका तराजूत ठेवून पाहा.

'रेराचा नंबर आहे' एवढे ऐकूनही डोळे मिटून चालत नाही. २०२२ मध्ये कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचे प्रकरण बाहेर आले. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली ते रहिवासी रस्त्यावर येण्याच्या भीतीत सापडले. म्हणून महारेराचा क्रमांक पाहावाच, शिवाय बांधकाम परवाना खरा आहे की नाही याची पालिकेत चौकशी करावी, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे, मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि नोंदणी कार्यालयाची सूची क्रमांक दोन काढून खरा मालक कोण ते पडताळावे. हे काम एजंटने दोस्तासाठी केले तर त्याची दलाली खऱ्या अर्थाने कमावलेली ठरेल.

हेवी डिपॉझिटचा सापळा

आपल्या वस्त्यांत सर्वाधिक नुकसान करणारा प्रकार म्हणजे हेवी डिपॉझिट. महिन्याचे भाडे नाही किंवा नाममात्र आहे, त्याऐवजी चार-सहा लाख रुपये एकरकमी मालकाकडे ठेवायचे आणि घर सोडताना परत घ्यायचे. गरीब माणसाला वाटते की भाडे वाचले. अनेक उलेमांचे म्हणणे असे आहे की परत मिळणारी रक्कम म्हणजे कर्ज आणि त्या कर्जापोटी फुकट राहणे म्हणजे कर्जावरचा फायदा, जो सुदाच्या जवळ जातो. ज्यांना या बाजूची फिकीर आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे.

पण या पद्धतीची दुसरी बाजू पोलीस ठाण्यात दिसते. एखादा एजंट मालकाकडून महिन्याला पंधरा हजार भाड्याने फ्लॅट घेतो. तोच फ्लॅट स्वतःचा असल्याचे किंवा मालकाने अधिकार दिल्याचे भासवून दुसऱ्या कुटुंबाला पाच लाख हेवी डिपॉझिटवर देतो. मालकाला दरमहा भाडे मिळत राहते, कुटुंबाला घर मिळालेले असते, दोघेही खूश. असे दहा फ्लॅट झाले की पन्नास लाख हाती येतात. मग एक दिवस भाडे थांबते, एजंटचे दुकान बंद होते आणि मालक दारात येऊन विचारतो, 'तुम्ही कोण?' ज्या कुटुंबांनी रक्कम दिली ती बहुतेक त्या एजंटच्या ओळखीचीच असतात. अनोळखी माणसाला इतक्या सहज कोणी पाच लाख देत नाही.

यावर उपाय महाग नाही. रक्कम मालकाच्या बँक खात्यातच द्यावी. मालकाला प्रत्यक्ष भेटावे, वीजबिल आणि सोसायटीची पावती पाहावी. करार नोंदणी करून घ्यावा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात.

खर्चाची सबब सांगितली जाते, ती हिशेबाने पाहू. महिना पंधरा हजार भाडे, अकरा महिने, म्हणजे १ लाख ६५ हजार. डिपॉझिट पन्नास हजार असेल तर त्यावर सालाना १० टक्के धरून अकरा महिन्यांचे सुमारे ४,५८३ रुपये मुद्रांकाच्या हिशेबात मिळवतात. एकूण १,६९,५८३ रुपयांवर शेकडा पंचवीस पैसे दराने मुद्रांक शुल्क होते सुमारे ४२५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये. दीड हजारांच्या आत काम होते. एवढ्यासाठी पाच लाख धोक्यात घालणे हा कोणता शहाणपणा?

एजंटसाठी कायदा आणि त्याची हद्द

२०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला सर्व लोक 'रेरा' म्हणतात, १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. त्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते. नोंदणी नसल्यास दर दिवशी दहा हजार रुपये आणि एकूण त्या घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम १० प्रमाणे हिशेबाची पुस्तके ठेवणे आणि खोट्या जाहिराती न करणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करण्यात आली. बिल्डरने किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम नोंदणीकृत करारावाचून घेऊ नये, असे कलम १३ सांगते. शिंपी किंवा झेरॉक्सवाले जे बंधू नव्या इमारतींत 'एक गिऱ्हाईक द्या, एक टक्का घ्या' या बोलीवर काम करतात, त्यांनी हे नीट समजून घ्यावे. 'मी तर फक्त दोस्ताला नेले होते' हे उत्तर पुरे पडेलच असे नाही.

मात्र आपल्या वस्त्यांतील बहुतेक सौदे या कायद्याच्या बाहेर पडतात. भाड्याची खोली, पागडीची खोली, जुन्या फ्लॅटची पुनर्विक्री यांतील एजंटवर कोणी परीक्षक बसलेला नाही. तेथे करार कायदा आहे, नोंदणी कायदा आहे आणि माणसाचा स्वतःचा ईमान आहे. म्हणूनच ही बाब आपण समाजात बोलून ठरवली पाहिजे.

कारागिरांच्या वाट्याचे पैसे

घर मिळाले की सुतार, रंगारी, प्लंबर, फरशीवाला यांची गरज लागते. एजंट दोस्ताला सांगतो, 'माझा माणूस आहे, एक नंबर काम करतो.' आणि त्या कारागिराला सांगतो, 'काम देतो, शेकडा दहा माझे.' साठ हजारांच्या कामात सहा हजार असे जातात. कारागीर ते सहा हजार एक तर दरात चढवतो किंवा मालात उतरवतो. चांगल्या प्लायऐवजी हलका प्लाय, तीन हातांऐवजी दोन हात रंग. सहा महिन्यांनी दरवाजा फुगतो आणि बदनामी होते ती कारागिराची.

कारागीर बंधूंनो, अशा वेळी आपणच उघड बोलावे. ओळख करून दिल्याचे पैसे द्यायचे असतील तर गिऱ्हाइकाला माहीत असू द्यावे आणि बिलात मालाचे नाव, दर्जा आणि संख्या लिहावी. एजंटला ते मंजूर नसेल तर समजावे की त्याला पैसे नकोत, लपवाछपवी हवी आहे.

गिऱ्हाईक दोस्ताचीही जबाबदारी

सारा दोष एजंटवर टाकून भागणार नाही. चार रविवार एजंटला घेऊन फिरायचे, मालकाचा पत्ता काढायचा आणि नंतर पाठीमागून जाऊन मालकाशी परस्पर सौदा करायचा, हा प्रकार दोस्तच अधिक करतात. वर पुन्हा, 'आपसातली गोष्ट आहे, त्याने काय पैसे मागायचे!' मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची ताकीद इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. एजंटचा घाम जिन्यांवर आणि रस्त्यांवर गळतो, म्हणून तो घाम नव्हे काय? दोस्ती हे सवलत मागण्याचे कारण होऊ शकते. मेहनत बुडवण्याचे होऊ शकत नाही.

रोखीने देण्याघेण्याचीही सवय सोडली पाहिजे. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने जून २०१५ पासून मनाई आहे आणि तेवढाच दंड बसू शकतो. 'थोडे ब्लॅकमध्ये देऊ' म्हणणारा दोस्त दुसऱ्या दोस्ताला खड्ड्यात घालतो.

एक कागद, पाच ओळी

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. त्यात दोस्तांसाठी सूट सांगितलेली नाही. आणि सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत तर इन्साफ स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या विरुद्ध गेला तरी त्यावर कायम राहण्याची शिकवण आहे. मग आपण लिहिण्याला अविश्वासाचे लक्षण का समजतो?

'कागद पुढे केला तर दोस्त नाराज होतो' अशी तक्रार एजंट करतात. ती खरी आहे. पण आज पाच मिनिटांची नाराजी आणि उद्या दहा वर्षांचा अबोला, यांत कोणते परवडते? शिवाय कागद सर्वांनाच दिला तर तो दुकानाचा दस्तूर होतो. एकट्या दोस्तापुढे ठेवला तरच तो टोचतो.

माझी सूचना अशी की प्रत्येक एजंटने आपल्या दुकानात एक साधा छापील कागद ठेवावा. त्यावर पाच ओळी पुरेत. या सौद्यात माझी दलाली किती आणि केव्हा. दुसऱ्या बाजूकडून मी किती घेत आहे. या जागेत माझा किंवा माझ्या नातेवाइकांचा हिस्सा आहे की नाही. मी कोणते कागद पाहिले आणि कोणते पाहिले नाहीत. जागेतील जे ऐब मला माहीत आहेत ते. खाली दोघांच्या सह्या. लिल्लाह मदत असेल तर पहिल्या दोन ओळींत 'काही नाही' असे लिहावे. तेही लिहिलेलेच बरे.

ज्या मोहल्ल्यांत मशिदीची जमाअत किंवा व्यापारी मंडळ कार्यक्षम आहे, तेथे चार एजंटांना एकत्र बसवून हा कागद ठरवता येईल. दलालीचा दर दुकानात पाटीवर लावता येईल. यासाठी सरकारी मदत लागत नाही, वर्गणीही लागत नाही. भाड्याने घर शोधणारी विधवा, गावाहून आलेला विणकर आणि पहिल्यांदा ओनरशिपचे घर घेणारा रंगारी, यांना निदान आपल्या माणसाच्या दारात तरी पैसे मोजताना हात थरथरू नयेत, एवढे तर आपण करू शकतो. येत्या जुम्मानंतर ज्यांचे दुकान आहे त्यांनी पहिला कागद स्वतःच्या सहीने भरून ठेवावा. गिऱ्हाईक आपोआप विचारील की हे काय आहे, आणि तेथूनच चांगल्या धंद्याची बात सुरू होईल.